घरचा पडदा

"एवढा मोठा टीव्ही लावलाय, पण त्यात बघायचं काय ते कोण सांगत न्हाई," हेमांगीच्या कानाजवळ एक म्हातारी पुटपुटली. "आणि सुनंला घटकाभर आ करून ठिवलंय. माशी जाईल की आत."

हेमांगी वहीत मान घालून हसली. डॉ. आश्लेषा मगदूम यांच्या दातांच्या दवाखान्यात दर बुधवारी ती अशी कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायची. टीव्ही म्हणजे समोरच्या भिंतीवरचा पडदा. त्यावर दिसणारा एकेक आकडा, एकेक रंग, एकेक शब्द तिनं आखलेला होता. लोकांची नजर आधी कुठं जाते, बोट कुठं जातं आणि जांभई कधी येते, हे टिपून न्यायचं काम तिचं.

खुर्चीत अनुजा नावाची पस्तिशीची बाई होती. तोंड मिटू नये म्हणून तिच्या दाढांमध्ये रबराचा ठोकळा बसवला होता. बोलायची सोय नव्हती. "दुखलं तर डावा हात वर करा," एवढं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. पायथ्याशी नवरा उभा, त्याच्या शेजारी ही सासू.

"स्कॅन झालं," आश्लेषा म्हणाल्या. "आता घरच्यांनी पडद्याकडे बघायचं."

पडद्यावर अनुजाचे दात कमानीसारखे उलगडले. किडलेली दाढ तांबडी. आणि त्याखाली या महिन्यात नव्यानं आलेली आयुष्यरेषा. डावीकडे जन्म, उजवीकडे आज, आणि मधे वर्षं. नवव्या वर्षापाशी एक पिवळा ठिपका होता.

"कावीळ," नवऱ्यानं वाचलं. "बरोबर आहे की. लहानपणी झालती हिला, सासरे सांगतात."

म्हातारीला आता रस वाटायला लागला. ती पुढं सरकली. "आणि ही हिरवी पानं कसली रे?"

"गर्भारपण," नवऱ्यानं वाचलं आणि वाचून झाल्यावर त्याला काय वाचलं ते कळलं.

पण म्हातारीचं बोट निघालं होतं. "एक. दोन. तीन. चार." मग सवयीनं ती म्हणाली, "दोनच हैत की लेकरं."

म्हातारीचं बोट क्षणभर हवेत राहिलं, मग हळूच पदरात गेलं.

"मशीन चुकतंय," नवरा म्हणाला.

आश्लेषांनी पडदा घालवला. खुर्चीतल्या बाईची नजर वरच्या दिव्यावर होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानात उतरत होतं. "दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं हात वर केला नाही.

जाताना म्हातारी हेमांगीपाशी थांबली. तिला ती नर्स वाटली असावी. "बाई, ते खोटं दाखवतंय बरं का. सांगा त्यास्नी," ती म्हणाली. फार मऊ आवाजात म्हणाली. खोटं असतं तर ती एवढ्या मऊ आवाजात बोललीच नसती, भांडली असती.

हेमांगी जिना उतरून स्कूटरपाशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपले दात एकमेकांवर घट्ट बसलेत आणि ते सुटत नाहीत.

जिचं तोंड, तिचंच तेवढं उघडं ठेवून बंद केलेलं. बाकी सगळ्यांना बोलायची मुभा. आणि ही खोली आपण आखली.

*

हेमांगी तोडकर कुठल्या कॉलेजात हे काम शिकली नव्हती. कोल्हापुरात एका डीटीपीच्या दुकानात तिनं चौदा वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या. पत्रिका हातात आली की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो. मग ज्याच्याशी भांडण आहे त्याचं नाव आपल्या वर आहे की खाली ते बघतो. मुहूर्त सगळ्यात शेवटी. हे तिला तिथं कळलं. आणखी एक गोष्ट कळली. जुळवून झालेल्या पत्रिकेतून एखादं नाव ऐन वेळी काढलं, की तिथं पोकळी राहते. परक्याला ती दिसत नाही, घरच्यांना तेवढीच दिसते. म्हणून नाव काढायला आलेला माणूस हमखास म्हणायचा, "ओळी जरा सरकवून घ्या."

मग पत्रिका फोनवर गेल्या आणि दुकान बंद पडलं. हेमांगीनं स्वयंपाकघरात ओट्याला फोन टेकवून, व्हिडिओ बघत बघत पडदे आखायची विद्या उचलली. छत्तिसाव्या वर्षी ती 'दंतरेखा'त लागली. दातांचं स्कॅन बघून कुठला दात वाचवायचा, कुठला काढायचा, आधी काय आणि नंतर काय, याचा आराखडा करून देणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. तेव्हा एकच पडदा असे, तोही डॉक्टरांकडे तोंड करून. हेमांगी वीस दवाखान्यांत जाऊन बसली. तिला दिसलं, की आपल्याकडं दात दाखवायला एकटं कुणी येत नाही. आणि ठरवणारा माणूस खुर्चीत नसतोच, तो दाराशी उभा असतो. मग तिनं भिंतीवर दुसरा पडदा आणला. अक्षरं मोठी, मराठी बोलण्यातली. नाव दिलं, घरचा पडदा. घरच्यांना समजलं की उपचार अर्धवट राहत नाहीत, हे तिचं म्हणणं होतं आणि ते खरं ठरलं. हजारो दाढा उपटायच्या वाचल्या. बंगळूरला तिला ढाल मिळाली. ती अजून घरी टीव्हीशेजारी आहे.

नवं यंत्र आलं ते गेल्या वर्षी. दाताच्या मुळाभोवती हाडासारखा एक पातळ थर असतो. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं पडतात, तसा हा थरही दर वर्षी एका फिकट आणि एका गडद पट्टीनं वाढत राहतो, माणूस मरेपर्यंत. शरीरावर मोठा ताण आला, आतल्या कॅल्शियमची उलथापालथ झाली, की त्या वर्षाच्या पट्टीचा पोत बदलतो. उपासमार, मोठं दुखणं, गर्भारपण, सगळं त्यात उमटतं. अभ्यासकांना हे पूर्वीच ठाऊक होतं, पण वाचायचं तर दात उपटून, चकतीसारखा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागे. नवं यंत्र क्ष-किरणांचा कण न् कण मोजायचं, त्यामुळं ते तीच पट्टी जिवंत माणसाच्या तोंडातल्या तोंडात वाचायला लागलं. फायदा खरा होता. हाड कुठल्या वर्षापासून झिजायला लागलं ते कळलं, की रोवलेला दात धरेल का हे छातीठोकपणे सांगता येतं.

गर्भारपण नऊ महिने चाललं की चारच महिने, याचं पट्टीला घेणंदेणं नव्हतं. चार महिन्यांची खूण फिकट पडे, पण पडे.

ते हिरवं पान हेमांगीनंच काढलं होतं. 'गरोदरपणाची नोंद' हे सरकारी वाटतं म्हणून 'गर्भारपण' हा शब्दही तिचाच. आणि डॉक्टरांच्या पडद्यावर येईल ते घरच्या पडद्यावरही येणार, हा कंपनीचा नियमच होता. तोही तिच्याच ढालीमुळं झालेला. त्यावर कुणी फेरविचार केला नव्हता. तिनंही नाही.

*

"बाहत्तर दवाखान्यांतून तक्रार आहे," डॉ. इंद्रनील शिर्के म्हणाले. कंपनी त्यांची. मूळचे दंतवैद्य, बोलणं गोड, हात नेहमी स्वच्छ. "सगळीकडून एकच वाक्य. मशीन चुकतंय."

"चुकत नाहीये, सर." हे अल्फिया मुजावर बोलली. पट्टी वाचणारा प्रोग्रॅम तिचा. "उपटलेल्या चारशे दातांवर आपण तपासलंय."

"चुकत नाहीये हाच तर प्रॉब्लेम आहे, अल्फिया."

हेमांगीनं वही उघडली. "दुसरं पण ऐका, सर. हातकणंगल्याला एका स्थळाच्या लोकांनी मुलीच्या दातांचं स्कॅन मागितलं. पत्रिकेबरोबर. बघायला काय हरकत आहे, म्हणाले. आणि गेल्या पंधरा दिवसांत बायका कमी झाल्यात. दाढ सुजून गाल टमाट्यासारखा झाला तरी येत नाहीत."

"म्हणूनच उपाय काढलाय." सर खुर्चीत पुढं झाले. "फॉर्ममधे आपण अपत्ये किती हे विचारतोच. तेवढीच पानं दाखवायची, सगळ्यात ठळक असतील ती. एक मूल, एक पान. अविवाहित, शून्य पान. ना घरात तमाशा, ना स्थळात. तुम्ही फक्त सेटिंगमधे एक चौकोन द्यायचा. 'नोंदीशी जुळवा.' तो आधीपासून टिक केलेला."

"त्यापेक्षा पानं घरच्या पडद्यावरून काढूनच टाकूया की. ज्या बाईचा दात आहे तिला एकटीला दाखवू. तिला बघायचं असलं तर."

"ताई, एकटी येतं कोण? हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आणि लोकांना आवडतात ती पानं. बायका स्वतःची पोरं शोधतात त्यात, फोटो काढून नेतात. सगळंच काढलं तर विचारतील, अजून काय काय लपवलंय?"

"फॉर्म कोण भरतं, सर?"

"घरचे."

"म्हणजे घरचे म्हणतील तेवढंच बाईच्या दातात."

"असं कशाला म्हणता."

"बरं, कुणी मुद्दाम नऊ अपत्यं लिहिली तर? मग सगळीच पानं उघडी. लग्नाआधीचीपण. कुलूप तुम्ही घालताय आणि किल्ली त्यांच्याच हातात देताय."

"एवढा विचार कोण करतं?"

"सासरा," हेमांगी म्हणाली.

अल्फिया फस्सकन हसली. सरही हसले. "ठीक आहे, त्याचं बघू पुढच्या आवृत्तीत. आज हे कसं दिसतं तेवढं बघू. अल्फिया, नमुना उघड."

नमुना म्हणजे सौ. नमुना पाटील. कंपनीकडं रुग्णच नव्हते तेव्हा पडदे आखायला कुणाचं तरी तोंड हवं होतं. हेमांगी स्वतः खुर्चीत बसली होती. गेल्याच वर्षी नव्या यंत्रावरही पहिली तीच बसली. पडद्यावर नाव खोटं, दात तिचे. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. खालचा एक दात थोडा तिरका, त्यावरून दर गणपतीत एखादा विनोद व्हायचाच. पट्टी वाचणारा प्रोग्रॅम त्या स्कॅनवर मात्र अजून कुणी चालवला नव्हता. हेमांगीनंही नाही. का नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

अल्फियानं बटण दाबलं. अपत्ये : १. रेषेवर तीन पानं उगवली. चोविसाव्या वर्षी फिकट, सव्विसाव्या वर्षी फिकट, अठ्ठाविसाव्या वर्षी ठसठशीत हिरवं.

अल्फियाचा हात माउसवर जाऊन थांबला. ती हेमांगीकडं बघेना, पडद्याकडंही बघेना, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत राहिली.

सरांनी घसा साफ केला. "हे बघा," ते हळू म्हणाले, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता, हेच वाईट होतं. "म्हणजे तुमच्याही सोयीचंच आहे."

"माझ्या सोयीचं," हेमांगी म्हणाली.

तिनं दात आवळले आणि उजव्या बाजूला खाली काहीतरी कट्कन वाजलं. ते तिला एकटीलाच ऐकू आलं.

*

घरी सासूबाई ओट्यापाशी कवळी वाटीतल्या पाण्यात ठेवत होत्या. त्या कोल्हापूरच्या रीतीनं हेमांगीच्या आत्या. लग्न झाल्यापासून ती त्यांना आत्याच म्हणायची. आत्यांनी उभा जन्म गोधड्या शिवल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही चष्मा न लावता सुईत दोरा ओवायच्या, आणि त्याचा त्यांना एवढा गर्व होता की दोरा ओवून झाल्यावर आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघायच्या.

जेवताना हेमांगी भाकरी डाव्या बाजूनं चावत होती.

"काय झालं गं?" आत्यांनी विचारलं.

"दाढ तडकली."

"झोपेत दात खातेस तू. भिंतीपलीकडं मला ऐकू येतंय. कुणावर खातेस एवढे?"

हेमांगीनं ताट थोडं पुढं सारलं. "आज ऑफिसात माझा दात पडद्यावर लावला होता. त्यात पानं दिसतात आता. गर्भारपणाची. तीन होती."

तिचा नवरा उदय कांदा फोडत होता. इलेक्ट्रिक रिक्षांचे सांगाडे जोडायचा त्याचा कारखाना. हात असे, की बुक्की मारली की कांद्याच्या चार सरळ फोडी. त्यानं बुक्की उचलली आणि ती तशीच ताटाशेजारी ठेवली.

"खा," आत्या म्हणाल्या. कवळी नसली की त्यांचे गाल आत जायचे आणि शब्द पोकळ यायचे. "निवतंय."

या घरात त्या दोन फिकट पानांमागच्या प्रवासांना नाव होतं, पलीकडचं काम. अलीकडं कायदा कडक झाला होता, म्हणून जीपनं राज्याची सीमा ओलांडून पलीकडच्या एका गावात. दोन्ही वेळा आधी सोनोग्राफीला, मग चार दिवसांनी परत. पाहुण्यांनी विचारलं तर "पलीकडं जरा काम होतं". नंतर वीस वर्षं त्या शब्दाचीही गरज पडली नव्हती. मुलगा झाला, वेदांग. आता हैदराबादला शिकतो. तो झाल्यावर आत्यांनी हेमांगीला सव्वा महिना खाटेवरून उतरू दिलं नाही. रोज स्वतःच्या हातानं तिच्या पाठीला तेल लावलं. तेल लावतानाचा तो हात आणि जीपमधे चढताना दंडाला धरणारा हात एकच होता, हे हेमांगीला कधी नीट जुळवता आलं नाही. आणि ओढून कुणी नेलं नव्हतं. ती स्वतःच्या पायांनी चढली होती. तिला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा होता. तो इतकी वर्षं कुणावर काढायचा ते न कळून ती झोपेत दात खात होती.

"मग सर काय म्हणतात?" उदयनं विचारलं.

"म्हणतात, एक चौकोन काढ. फॉर्ममधे जेवढी पोरं तेवढीच पानं."

"मग काढ की."

"बास? काढ की?"

"हेमा, तुझं ते नमुन्याचं तोंड गावोगाव दाखवतात. उद्या वेदांगनं कुठं बघितलं म्हणजे? कशाला उकरायचं?"

"मी काय उकरलं? दातातच आहे ते."

"म्हणूनच म्हणतोय."

तिनं आत्यांकडं बघितलं. आत्या भाकरी आमटीत कुस्करत होत्या. ती आधीच मऊ झाली होती, तरी कुस्करत होत्या.

"तुम्ही काय म्हणता, आत्या?"

"मला काय कळतंय मशीनमधलं," आत्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात हेमांगीनं तो चौकोन काढला. वीस मिनिटं लागली. अकरा वर्षांत एवढं सोपं काम तिच्याकडं आलं नव्हतं, आणि एवढी लाज कुठल्या कामाची वाटली नव्हती. अल्फियानं विचारलं, "करताय, ताई?" ती म्हणाली, "करते."

फक्त एक केलं. लपवलेल्या पानाच्या जागी रेषा पुन्हा जोडून साधं वर्ष दाखवायचं, असं ठरलं होतं. तिनं ती जोडली नाही. पान गेलं की त्या वर्षापुरती रेषाच नाहीशी व्हायची. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू.

सरांनी बघितलं. "सुबक झालंय. मधे जरा मोकळं दिसतंय, नाही का? सरकवून घ्या ना."

"वर्षं आहेत सर ती," हेमांगी म्हणाली. "वर्षं कशी सरकवणार?"

सरांना ते पटलं. सोमवारी ती आवृत्ती चार हजार दवाखान्यांत आपोआप पोचली.

*

दाढेची कळ आता कानापर्यंत जात होती. मंगळवारी सकाळी हेमांगी तयार झाली आणि आत्यांच्या दाराशी उभी राहिली.

"आत्या, दवाखान्यात सोबत येता का? अहो, तुम्हीपण चला."

"तू तर आठवड्याला जातेस तिथं एकटी," उदय म्हणाला.

"कामाला जाते. आज दाखवायला जायचंय."

"येतो की मी," आत्या म्हणाल्या, आणि वाटीतली कवळी झटकून तोंडात बसवली. "एवढं कौतुक ऐकतोय त्या टीव्हीचं. बघू तरी."

आश्लेषांनी हेमांगीला खुर्चीत बघून भुवया उंचावल्या. दरवेळच्या स्टुलाकडं त्यांची नजर जाऊन आली.

"नेहमी करता तसंच करा, डॉक्टर," हेमांगी म्हणाली. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका."

आश्लेषांनी हातमोजे चढवले. "नक्की?"

"नक्की."

मग रबराचा ठोकळा आत गेला आणि हेमांगीचं बोलणं संपलं. वरचा दिवा पांढराफटक होता. इथून पडदा तिरका दिसतो आणि घरच्यांचे चेहरे उलटे दिसतात, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. अकरा वर्षं ती खोलीच्या सगळ्या कोपऱ्यांतून बघत आली होती, फक्त इथून बघितलं नव्हतं.

"अपत्ये?" आश्लेषांच्या मदतनीस बाईंनी विचारलं.

"एक," उदय म्हणाला. "मुलगा."

यंत्र तिच्या गालाभोवती फिरलं. पडद्यावर दातांची कमान उलगडली. तडकलेली दाढ तांबडी, तिरका दात तिरकाच. खाली रेषा.

उदयनं श्वास रोखला होता, तो सोडलेला ऐकू आला. "एकच आहे," तो म्हणाला. "बरोबर दाखवतंय."

आश्लेषा दाढेबद्दल सांगायला लागल्या. चीर मुळापर्यंत गेलेली नाही, टोपण बसवलं तर वाचेल, रात्री दातांवर घालायला एक साचा देऊ. उदय मान हलवत होता. आत्या ऐकत नव्हत्या. चालत त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या, कापड तपासायला जातात तशा.

"हेमे, तुझ्या ह्या दोऱ्याचा टाका सुटलाय," त्या म्हणाल्या. "दोन ठिकाणी."

"मशीनचं असतंय तसं, आई."

"मशीनचा टाका सुटला तर कुठंही सुटंल. ह्यो बरोबर एकेक वर्षाचा सुटलाय." त्यांनी बोट लावलं. "हितं कितवं वर्ष, डॉक्टरीणबाई?"

आश्लेषा थांबल्या. "चोविसावं," त्या म्हणाल्या. "आणि ते सव्विसावं."

"का मोकळं ठिवलंय?"

"नवीन आवृत्ती आलीये. त्यात..." आश्लेषांनी हेमांगीकडं बघितलं.

आत्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. चोविसावं. लग्नाला दुसरं वर्ष. पेरं मोजून झाली तरी अंगठा तिथंच राहिला.

हेमांगीनं डावा हात वर केला.

"दुखतंय?" आश्लेषांनी विचारलं.

तिनं मान हलवली. हो. हात खाली घेतला नाही. आश्लेषा ठोकळा काढायला वाकल्या. हेमांगीनं मान फिरवली, आणि त्यांनी हात मागं घेतला. ते उघडं तोंड, तो वर केलेला हात आणि पडद्यावरची दोन भोकं, खोलीत आता तेवढंच होतं.

"आई, चल, आपण बाहेर बसू," उदय म्हणाला. "हिचं होऊ दे."

आत्या हलल्या नाहीत. "ते त्या येळंला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आमचं जरा पलीकडं काम..."

तिथं त्या थांबल्या. वरची कवळी सैल होऊन टक्कन वाजली. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून नीट बसवली. उदयनं त्यांच्या दंडाला धरलं होतं. त्यांनी दंड सोडवून घेतला, आणि वळून सुनेच्या उघड्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"काम न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरी होत्या. दोन पोरी होत्या तिथं. मी नेलं हिला, दोन्ही बारीला. आणि गाडी तू चालवत होतास, उदय."